'घरून काम' आणि 'कुठूनही काम' यांत फरक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरून काम मिळाल्यामुळे माणसे मोठी शहरे सोडून चालली आहेत, असे सांगणारा कालच्या रविवार पुरवणीतला 'महानगरांना रामराम' हा लेख दोनदा वाचला. सबंध पान दिलेत, डोंगर मागे ठेवून लॅपटॉप उघडून बसलेल्या जोडप्याचा फोटो चांगला अर्धा पान दिलात. पण ज्या आकड्यावर हा विषय उभा आहे, तो आकडा पानभर शोधूनही सापडला नाही. या माणसांना आठवड्यातून किती दिवस ऑफिसात जावे लागते? मंगळवार-गुरुवार जाणारा, महिन्यातून एकदा जाणारा आणि कधीच न जाणारा, या तिघांना लेखकाने 'घरून काम करणारे' म्हणून एकाच दावणीला बांधले आहे. राहायचे कुठे, हा प्रश्न आला की या तिघांचे हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत.

हिशेब साधा आहे. शहराच्या मध्याजवळ राहून एका बाजूचा तास, म्हणजे रोज दोन तास आणि पाच दिवसांचे 10 तास. आता तोच माणूस दीड तासाच्या अंतरावर, शहराच्या कडेला राहायला गेला, तर ऑफिसच्या प्रत्येक दिवसाला तीन तास लागतात. दोन दिवस जायचे असेल तर आठवड्याचे 6 तास, म्हणजे 4 तास वाचले. तीन दिवस असतील तर 9, वाचला जेमतेम एक तास. चार दिवस झाले की 12, आणि माणूस पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत. घर हलवण्याचा सगळा निकाल तीन आणि चार या दोन आकड्यांच्या मध्ये लागतो. आणि वरून येणारा हुकूम नेमका याच आकड्यांवर सरकतो : आधी 'आलात तरी चालेल', मग दोन दिवस, मग तीन, मग 'तुमच्या टीमपुरते चार'.

म्हणूनच शहर रिकामे होते, हे विधान ढोबळ आहे. रिकामा होतो तो शहराचा मध्य, आणि फुगते ती कड. अर्जुन रामाणी आणि निकोलस ब्लूम या संशोधकांनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टपाल खात्याकडच्या पत्ता-बदलाच्या नोंदी आणि घरांचे भाडे-किमती तपासून हेच दाखवले. मोठ्या शहरांच्या दाट मध्यातून माणसे निघाली, पण बरीचशी त्याच शहराच्या उपनगरांत जाऊन थांबली. मध्ये भोक असलेल्या डोनटची उपमा त्यांनी दिली, ती तेव्हापासून चालू आहे. लेखात तिचा उल्लेख हवा होता, कारण लेखाचे शीर्षकच तिच्या विरुद्ध जाते.

कडेला माणूस जातो तो बहुतेक वेळा एका जादा खोलीसाठी. दोघांचे कॉल एकाच वेळी सुरू झाले की एका खोलीत दोघांचेही काम होत नाही, आणि दार लावता येणारी खोली मध्यवस्तीत त्याच भाड्यात मिळत नाही. वाचलेल्या प्रवासाच्या बदल्यात ती खोली घेतली जाते. 27 देशांतल्या पाहणीत घरून काम केलेल्या दिवशी सरासरी 72 मिनिटांचा प्रवास वाचतो असे आढळले, आणि त्यातला साधारण 40 टक्के वेळ पुन्हा कामातच जातो. मोकळ्या वेळेचे जे चित्र तुमच्या लेखाने रंगवले आहे, ते या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता त्या जोडप्याबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. वाचक तो फोटो पाहून घर सोडायचे ठरवतात. तुमच्या प्रतिनिधीने त्यांना विचारायला हवे होते की नियुक्तिपत्रात 'कामाचे ठिकाण' या रकान्यात काय लिहिले आहे. बहुतेकांच्या पत्रात तिथे अजूनही ऑफिसचे शहरच असते. दूर राहण्याची परवानगी आलेली असते साहेबाच्या एका ईमेलमधून, किंवा 'पुढील सूचना मिळेपर्यंत' असे शब्द असलेल्या परिपत्रकातून. त्या शब्दांचा अर्थ, पुढील सूचना कधीही येईल. ती आली की हजर व्हायला मुदत साधारण महिना-दोन महिन्यांची मिळते. नव्या घराच्या करारातून तेवढ्यात सुटता येत नाही आणि मुलांचे शालेय वर्ष मध्यावर असते. हा रकाना घराच्या पत्त्याने बदलून, मनुष्यबळ विभागाच्या सहीने, सुधारित पत्र हातात आल्याशिवाय कोणी सामान बांधू नये. याच रकान्यावर आणखी एक गोष्ट ठरते. तिथे ऑफिस लिहिलेले असेल तर महिन्यातून एकदा बोलावल्यावरचे गाडीभाडे आणि मुक्काम सहसा स्वतःच्या खिशातून. घर लिहिलेले असेल तर तोच प्रवास कंपनीच्या कामाचा धरला जाण्याची शक्यता असते. शिवाय पत्ता बदलला की पगारही बदलू शकतो. फेसबुकने मे 2020 मध्येच तसे जाहीर केले होते. पत्रात 'ठिकाणानुसार वेतन' अशी ओळ आहे का, तेही पाहून घ्यावे.

इंटरनेटबद्दल लेखात एकच वाक्य आहे, 'आता सगळीकडे वेग मिळतो'. वेग मिळतो तो बहुतेक डाउनलोडचा. मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो तो अपलोडमुळे, आणि त्याहूनही जास्त वेळा पॅकेट (आवाजाचे, चित्राचे छोटे तुकडे) वाटेत हरवल्यामुळे किंवा उशिरा-लवकर पोहोचल्यामुळे. एका व्हिडिओ कॉलला वर जाणारे 3-4 एमबीपीएस पुष्कळ झाले, पण ते सलग मिळायला हवेत. नवे घर घेण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि रात्री नऊला, असे आठवडाभर तपासावे. रात्री आकडा निम्म्यावर येत असेल तर त्या भागातली लाइन गर्दीची आहे. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की वीज गेल्यावर तो दोन-तीन तास चालतो, पण गल्लीतल्या पेटीतल्या यंत्राला बॅटरी नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणजे निर्धास्त झालो असे समजू नये. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर एका फांदीने दोन्ही तुटतात. मग सगळी वस्ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येते आणि टॉवर गुदमरतो. दुसरी लाइन निवडताना कंपनीच्या नावापेक्षा तिची वाट कुठून येते ते विचारावे.

यातले सगळे जमले तरी घरातल्या दुसऱ्या माणसाचे काय? एकाला कुठूनही काम करता येते आणि दुसरी व्यक्ती नर्स, शिक्षक किंवा प्रयोगशाळेत असेल, तर घर तिच्याच कामाजवळ राहते. डिंगेल आणि नीमन या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्ये अमेरिकेपुरता हिशेब केला तेव्हा पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या नोकऱ्या 37 टक्के निघाल्या. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी. एका घरात दोघांचीही नोकरी या 37 टक्क्यांत बसण्याचा योग आणखी दुर्मीळ. आणि आज आहे ती नोकरी उद्या गेली तर? मोठ्या शहरात माणूस घर न हलवता दुसरी नोकरी धरतो. दूरच्या गावात त्याला पुन्हा 'पूर्ण रिमोट' असलेलीच नोकरी शोधावी लागते, आणि तिथे स्पर्धा सबंध देशाशी असते.

उलट एक गोष्ट लेखकाला सापडायला हवी होती. ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या चिनी कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक-तृतीयांशाने घटले. 2024 मध्ये तो 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे अर्धवट सवलत माणसाला त्याच नोकरीत टिकवते, आणि ती नोकरी त्याला त्याच शहराच्या टापूत धरून ठेवते. घरून कामामुळे माणूस शहरात राहतो, असेही घडते, आणि बरेच घडते.

जाता जाता : लेखासोबतच्या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. त्यामुळे लोकसंख्येतली किरकोळ घट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. हे तुमच्या पुरवणीत या वर्षी दुसऱ्यांदा झाले आहे आणि मागच्या वेळी पाठवलेले पत्र छापून आले नाही. आलेख दुरुस्त करून छापावा. आणि त्या जोडप्याकडे पुन्हा जाणे झाले, तर नियुक्तिपत्रातला तो रकाना पाहून त्यात काय लिहिले आहे एवढे वाचकांना कळवावे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक