डरहमचं कॅथेड्रल समजावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. त्यात तुमचे आभार मानले आहेतच, पण तिथल्या दोन ओळींनी माझं समाधान होईना, म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आले तेव्हा तुमची-माझी ओळख ना पाळख. तरी सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला जवळच्या डरहमला तिथलं कॅथेड्रल बघायला नेलंत आणि पुढे माझ्या सगळ्या शंकांना वेळ दिलात.

मला छत बघायची घाई होती. १०९३ साली सुरू झालेलं बांधकाम, ११३३ च्या सुमारास मुख्य दालनावर चढलेलं दगडी फासळ्यांचं, म्हणजे कमानीसारख्या दगडी पट्ट्यांवर तोललेलं छत, आणि अशा छतांमधलं हे युरोपातलं अगदी सुरुवातीचं; एवढं पाठ करून आले होते. तुम्ही मात्र आधी खांबाशी उभं केलंत. उंची साधारण ६.६ मीटर आणि घेरही तेवढाच! "खोबणीत बोट ठेव आणि सांध्यापलीकडे ने," म्हणालात. तिरकी खोबण एका दगडातून दुसऱ्यात कुठेही न अडखळता जात होती. पाथरवटांनी दगड खालीच ठरल्या मापाने कोरून मग रचले होते. त्या सांध्यावर माझं बोट कितीतरी वेळ रेंगाळलं.

मग छत. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी. कर्णावरच्या फासळ्यांचा पल्ला लांब, आडव्या कमानींचा कमी. मग सगळ्यांचे माथे जवळपास एका उंचीला आणायचे कसे? डरहमच्या कारागिरांनी आडव्या कमानी टोकदार केल्या. इतकं साधं आणि इतकं अफाट! वर्गात हे इतकं स्वच्छ कधीच कळलं नव्हतं. बाजूच्या सज्जाच्या छपराखाली लपवलेल्या अर्ध्या कमानींबद्दलही तुमच्याकडूनच कळलं.

फरशीतली ती काळ्या दगडाची पट्टी मात्र मनातून जात नाही. मठ होता तेव्हा बायकांनी ती ओलांडायची नाही, असा दंडक. त्यामुळे येशूची आई मेरी हिच्या नावाचं गॅलिली चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनास्थळ, पट्टीच्या अलीकडे, पश्चिम टोकाला. ११७० च्या दशकातलं. त्याचे खांब इतके सडपातळ आणि देखणे, तरी मला आधी संतापच आला. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. ज्याची समाधी या कॅथेड्रलमध्ये आहे त्या संत कथबर्टला बायकांचा तिटकारा होता ही कथा त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी पसरली, हयातीत मठ चालवणाऱ्या स्त्रियांशी त्याचा चांगला स्नेह होता, आणि तो तर ६८७ सालीच वारला, एवढं सांगितलंत. इमारतीबद्दल सांगितलं जाणारं सगळंच इमारतीइतकं जुनं नसतं, हे तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी तपासून बघते.

माझ्या छेदचित्रावर तुम्ही लाल पेनने बाण काढले होते. छताचा भार फासळ्यांतून खांबावर कसा उतरतो आणि भिंतीला बाहेर कुठे रेटतो, ते दाखवणारे. ते पान नव्याने न काढता तसंच प्रबंधात लावलंय. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि मला उत्तरं देता आली.

उन्हाळ्यात आई-बाबा येताहेत. त्यांना डरहम दाखवायला तुम्ही आणि काकूंनी आमच्याबरोबर यावं, ही आग्रहाची विनंती. बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा स्टेशनवरून टॅक्सी करू. काकूंना नमस्कार.

तुमची,
न्यूकॅसलची विद्यार्थिनी