बोटीचं नाक म्हणजे बारा

होमस्टेड, फ्लोरिडा
९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

जानेवारी अखेरीची तिकिटं पक्की झाली, छान झालं. बाबांनी विचारलंय, ती मागे मोठा पंखा लावलेली, गवतावरून सुसाट जाणारी बोट घ्यायची का? माझं मत, त्यापायी अर्धा दिवस घालवायचा नाही. आपण एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या फ्लेमिंगो या ठिकाणच्या धक्क्यावरून सुटणारी लहान, सहा प्रवाशांची, गाईड असलेली चार तासांची बोट घेऊ. का घेऊ आणि पुण्याहूनच काय तयारी करून निघायचं, ते इथे नीट लिहून ठेवते. फोनवर सांगितलं की निम्मं हवेत जातं.

आधी पाण्याचं गणित. एव्हरग्लेड्सला दलदल म्हणतात, पण ती खरी तर पसरट, अतिसंथ नदी आहे. ओकीचोबी सरोवराकडून पाणी दक्षिणेला सरकतं आणि जमिनीचा उतार मैलाला जेमतेम दोन इंच, म्हणजे किलोमीटरमागे तीन सेंटिमीटर. वरून जे गवत दिसतं ते सॉग्रास. ते गवत नव्हेच, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे आणि पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. हात लावू नका. मे ते ऑक्टोबर पाऊस, तेव्हा पाणी सगळीकडे आणि त्याबरोबर प्राणीही सगळीकडे पांगलेले. नोव्हेंबरनंतर पाणी उतरतं, मासे उरलेल्या डबक्यांत कोंडतात आणि त्यांच्यामागे पक्षी गोळा होतात. अ‍ॅलिगेटर तर स्वतःच चिखल उकरून खड्डे करून ठेवतो, कोरड्या दिवसांत इतरांनाही त्याच खड्ड्यांचा आधार. उजनीचं पाणी उतरून भिगवणला गाळ उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ना, तसंच हे. म्हणून मे-जूनमध्ये यायचा तुमचा पहिला बेत मी हाणून पाडला. तेव्हा उकाडा, रोज दुपारी गडगडाट, डासांचे थवे आणि पक्षी मात्र कुठेच एका जागी नाहीत.

आता पंख्याची बोट. तिला एअरबोट म्हणतात. सपाट बुडाची, पाण्याखाली काहीच फिरत नाही. मागे पिंजऱ्यात विमानासारखा पंखा, त्यामागे उभी सुकाणूची पाती. काही इंच पाण्यावरून, ओल्या गवतावरूनही जाते. ब्रेक नाही आणि बहुतेकींना मागे जाता येत नाही, म्हणून चालवणारा वळणं लांबूनच आखतो. आवाज इतका की कानात बोळे किंवा कानावर हेडफोनसारखी झाकणं देतातच. बाबांनी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवायचं. चालू ठेवलं तर यंत्रही कटकट करेल आणि बाबाही. उद्यानाच्या उत्तर कडेला, टॅमियामी ट्रेल नावाच्या रस्त्यावर, या बोटी मिळतात. आईला हौस असेल तर वेगळ्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारू. मजा आहे, नाही असं नाही. फक्त तिला पक्षीनिरीक्षण म्हणू नका.

लहान बोटीत सहाच प्रवासी का, तर इथला कायदा. तटरक्षक दलाचा परवाना असलेला कॅप्टन पैसे घेऊन सहापर्यंत माणसं नेऊ शकतो. सातवा आला की बोटीची वेगळी सरकारी तपासणी लागते. लहान मूलही मोजलं जातं. तेव्हा ऑर्लँडोहून मावशीची मंडळी येणार असतील तर आत्ताच सांगा. धक्क्यावर पोचल्यावर “बसेल हो मांडीवर” चालत नाही. मोठी, दीड तासाची बोटही तिथूनच सुटते. तिच्यावर सावली असते आणि बसणं सोपं, पण ती हवं तिथे हवा तितका वेळ थांबत नाही आणि फार अरुंद फाट्यांत शिरत नाही. पाऊस किंवा वारा असेल तर तीच आपला दुसरा पर्याय.

मार्ग असा. फ्लेमिंगो हे उद्यानाच्या दक्षिण टोकाचं ठिकाण, होमस्टेडजवळच्या प्रवेशद्वारापासून ६१ किलोमीटर आत. तिथून बटनवुड कालव्याने उत्तरेला. हा कालवा १९५७ साली खोदला आणि त्यातून समुद्राचं खारं पाणी आतल्या गोड्या पाण्यात घुसायला लागलं, म्हणून पुढे तोंडाशी बांध घालून तो बंद करावा लागला. धक्क्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी पाणी दिसतात ती त्यामुळे. कालवा संपला की कूट बे. कूट म्हणजे आपला वारकरी पक्षी. इथला वेगळ्या जातीचा, पण काळा अंगरखा आणि पांढरी चोच तशीच. मग टार्पन क्रीक या चिंचोळ्या फाट्यातून व्हाइटवॉटर बे. दोन्ही काठांना खारफुटी. कमानीसारखी मुळं टाकणारा तो आपल्या कांदळाचा भाऊबंद आणि चिखलातून पेन्सिली वर काढल्यासारखी मुळं असलेला तो तिवराचा. कोकणात बघितलेलं इथे कामाला येईल.

धक्क्यावरच घाई करू नका. निम्मं बघण्यासारखं तिथेच असतं. बोटी उतरवायच्या उताराजवळ मगर बहुधा पडलेली असते. मगर आणि अ‍ॅलिगेटर दोन्ही मोकळ्या रानात एकत्र राहतात अशी जगातली ही एकच जागा, कारण गोडं आणि खारं पाणी इथे मिसळतं. ओळख सोपी: काळपट अंग आणि रुंद, बोथट तोंड तो अ‍ॅलिगेटर, राखाडी-हिरवट अंग, निमुळतं तोंड आणि जबडा मिटलेला असताना खालचा चौथा दात बाहेर दिसतो ती मगर. फ्लोरिडातल्या मगरी १९७५ मध्ये नष्ट होण्याच्या यादीत होत्या, २००७ मध्ये त्यांना एक पायरी खाली, धोक्यातल्या यादीत आणलं. पोहणाऱ्या अ‍ॅलिगेटरची लांबी काढायची युक्ती गाईड सांगेलच: डोळे ते नाकपुड्या अंतर जितके इंच, अंदाजे तितके फूट प्राणी. अंतर निदान १५ फूट ठेवायचं, आणि खायला काही टाकायचं नाही. तो इथे गुन्हा आहे. माणसाकडून खाणं मिळायला लागलं की तो माणसाकडे येतो आणि मग त्यालाच मारावं लागतं.

त्याच धक्क्यात मॅनॅटी, म्हणजे समुद्रगाय. पाण्यात काही मिनिटं एकटक बघत राहिलं तरच दिसते: आधी गुळगुळीत, गोल भोवरे, मग फक्त नाकपुड्या, एक सुस्कारा, की खाली. पाठीवर पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्या बहुधा साध्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याच्या जखमा. म्हणूनच इथे बोट मुद्दाम रांगत जाते. “जरा जोरात घ्या” म्हणू नका.

आणि बाबा, फ्लेमिंगो नावाच्या गावात फ्लेमिंगो बघायला मिळतील अशी आशा नको. टोप्यांच्या पिसांसाठी इथले पक्षी एकोणिसाव्या शतकात मारून संपवले. ती शिकार थांबवणारा वनरक्षक गाय ब्रॅडली १९०५ मध्ये याच गावाजवळ गोळी लागून मेला. २०२३ च्या ऑगस्टमधल्या वादळाबरोबर काही रोहित फ्लोरिडात येऊन पडले होते, पण रोहित बघायचे तर तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहेत. इथे बघायचा तो गुलाबी चमचा पक्षी, चित्रबलाकाच्या कुळातला वुड स्टॉर्क, आणि तिरंदाजाचा अमेरिकन भाऊ अ‍ॅनहिंगा. तो पंख पसरून बसतो कारण त्याची पिसं पाणी धरतात. म्हणूनच तो बुडून मासा भोसकू शकतो आणि म्हणूनच नंतर वाळत बसावं लागतं. मासे पकडणारा ऑस्प्रे तर भिगवणचाच, अगदी तीच जात. रॅकून वगैरे सस्तन प्राणी फारसे दिसणार नाहीत. लोकांनी पाळून सोडलेल्या बर्मी अजगरांनी त्यांचा फडशा पाडलाय.

वेळ ठरवताना घड्याळाबरोबर भरती-ओहोटीचा तक्ताही बघायचा. पूर्ण ओहोटीला किनाऱ्याचा गाळ उघडा पडतो, पक्षी खूप असतात पण लांब, आणि बोट जवळ जाऊ शकत नाही, रुतते. पाणी चढायला लागलं की पक्षी काठाकडे ढकलले जातात. म्हणून बुकिंग करताना मी “चढत्या पाण्याची सकाळ” मागणार आहे. आठची बोट धरली तर साडेसातला धक्क्यावर, म्हणजे सहाला घरून. पेट्रोल होमस्टेडलाच भरू. आत गेल्यावर मोबाईलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवू. उद्यानाला तीन वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत आणि ती आतून जोडलेली नाहीत. फोनवर नुसतं “एव्हरग्लेड्स” टाकून निघालेली माणसं भलत्याच दाराशी पोचतात आणि बोट सुटून जाते.

थंडीची लाट हा इथला खेळ. जानेवारीत उत्तरेचा वारा आला की सकाळचं तापमान दहाच्याही खाली जातं. त्या दिवशी व्हाइटवॉटर बेवर लाटा उठतात आणि कॅप्टन बोट रद्द करू शकतो. त्याला गळ घालू नका. पण थंडीच्या लाटेनंतरचा पहिला शांत, उन्हाचा दिवस सोन्यासारखा: अंग गरम करायला सगळे अ‍ॅलिगेटर काठावर येऊन पडतात. म्हणून बोट तुमच्या मुक्कामाच्या सुरुवातीलाच घेते, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतील.

दुर्बीण. बाबांची जुनी १०×५० आणू नका. बोट हलते, दहापट मोठेपणात हातही दहापट थरथरतो आणि वजनाने मान भरते. ८×४२ हवी. डासांचं औषध लावलेल्या हाताने तिला शिवायचं नाही. डीट असलेली औषधं प्लास्टिक आणि रबर विरघळवतात. औषध आधी लावा, तळवे पुसा, मग दुर्बीण. जानेवारीत बोटीवर डास कमी, पण धक्क्यावर पहाटे असतातच, शिवाय डोळ्यांना न दिसणारी चावरी चिलटं. पूर्ण बाह्या, फिकट रंग, पायमोजे. आई, साडी नको, पँट किंवा सलवार. टोपी हनुवटीखाली बांधायची. चष्मा पोलराइज्ड हवा, त्याशिवाय पाण्याच्या चकाकीतून आतलं काही दिसत नाही. मागे पट्टा असलेल्या फ्लोटर्स चालतील.

चढताना दोन्ही हात मोकळे. फोन, पिशवी आधी कॅप्टनकडे. पाय काठावर नाही, बोटीच्या मधोमध, आणि चढलं की लगेच बसायचं. कॅप्टन वजन बघून जागा देतो, त्याचा राग मानू नका. लाइफ जॅकेट मोठ्यांना घालायची सक्ती नसते, तुम्ही घालायचंच.

सगळ्यात नाजूक मुद्दा: लहान बोटीवर संडास नसतो. धक्क्यावर आहे, तिथे जाऊनच बसायचं. आतल्या खाडीत लाकडी मचाणं आहेत, त्यांना चिकी म्हणतात (लोणावळा आठवू नका), त्यांतल्या काहींवर सोय असते. वाटेत तिथे थांबणार का, हे मी बुकिंगच्या वेळीच विचारते. बरोबर दशम्या आणि गूळ-शेंगदाणे पुरेत. खाताना पिशवीचं तोंड बंद ठेवा, कावळ्यांचं लक्ष असतं.

गाईड दिशा घड्याळाने सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा, शेपूट म्हणजे सहा, उजवीकडे तीन. “टू ओ’क्लॉक, लो” म्हणजे पुढे, पण बरंच उजवीकडे, खाली पाण्यालगत. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा. दुर्बिणीतूनच शोधत बसलं तर पक्षी उडेपर्यंत पानंच दिसतात. आणि हाताचं बोट नका दाखवू, सगळे एका बाजूला वाकतात. शेवटी टीप माणशी पाच ते दहा डॉलर. सुटे मी ठेवते.

परतताना रॉयल पाम इथे गाडी थांबवून लाकडी पुलांवरून सव्वा-दीड किलोमीटर चालू. गाडीवर मात्र ताडपत्री घालायची. तिथली गिधाडं वायपर आणि काचेभोवतीचं रबर उपटतात. ताडपत्र्या उद्यानवालेच तिथे ठेवतात.

त्याआधी एक काम. डिसेंबरअखेरीस एका रविवारी पहाटे साडेचारला निघून सोलापूर रस्त्याने भिगवणला जा, कुंभारगावातून मच्छीमारांची बोट घ्या. घड्याळाची भाषा एकमेकांवर वापरून बघा, बोटीत चढण्या-उतरण्याचा सराव होईल, आणि दोन तास उन्हात बसून आईची कंबर काय म्हणते ते कळेल. कंबर कुरकुरली तर मी चारऐवजी दीड तासाची मोठी बोट घेईन, वाईट काही नाही.

बाबा, तुमची बीपीची जी गोळी लघवीला लावते ती सकाळऐवजी दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून कळवा. बोटीची वेळ त्यावर ठरवायची आहे.

तुमची,
मंजू