कळण्याच्या पिठासोबतचं पत्र

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

लग्नाला दोन महिने राहिले. मांडव, आचारी, बस्ता यांची बोलणी फोनवर रोज होतात, ती इथे नकोत. फोनवर ज्याला तोंड फुटत नाही, ते लिहितोय. सूनबाईंना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

आजकाल स्थळ बघताना मुलाला चार प्रश्न येतात. पगार किती, पुण्यातलं घर स्वतःचं की भाड्याचं, गावाकडे सातबाऱ्यावर किती एकर, आणि मुलगा घरातलं काही करतो का. पहिले तीन जुने आहेत, चौथा नवा. जुन्यातला एकही उतरला नाही आणि वर हा नवा येऊन बसला, म्हणून तुमच्या पिढीतल्या पोरांना कोंडल्यासारखं होतं. ते खोटं नाही. पण चौथा प्रश्न हा बाकीच्या तिघांवरचा उतारा आहे, असं माझं ठाम मत आहे.

गावात पस्तिशीला आलेली, केळीची बाग असलेली पोरं बिनलग्नाची फिरतात आणि चावडीवर सगळा दोष मुलींच्या अपेक्षांवर जातो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, तरी हा आकडा. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांची वाट बघत मुलं बसली आहेत. आईबापांनी केलेल्या हिशेबाची वसुली मुलांकडून चालू आहे. उद्या कुणी तुला ‘पोरीच शेफारल्या’ म्हणून सांगायला लागला, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेव.

आता घराचं. आपल्याकडचे पुरुष स्वयंपाक करत नाहीत असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, तेव्हा चूल कोण पेटवतं? पुरुषच. बामणोदकडची हिरवट-पांढरी मोठी वांगी निवडायची, फुटू नयेत म्हणून सुरीने टोचायची, तेलाचा हात फिरवून कपाशीच्या काड्यांवर टाकायची आणि साल काळं होऊन देठाजवळ बोट रुतेपर्यंत फिरवत राहायची. सोलताना नळाखाली धरलं की धुराचा वास वाहून जातो, हे माहीत असलेला माणूस स्वयंपाकी आहे. मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल, सगळं अंदाजाने, पन्नास माणसांचं! तोच माणूस घरी आल्यावर पाण्याचा पेला मागतो. कारण शेतातलं भरीत वर्षातून चारदा असतं आणि त्याला वाहवा असते. मंगळवारच्या सकाळच्या डब्याला वाहवा नसते. तुला शिकायचंय ते मंगळवारचं.

सरकारचं २०२४ चं वेळवापर सर्वेक्षण आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात, फक्त त्यांची सरासरी काढली तर ८८ मिनिटं. हात न लावणारे यात धरलेलेच नाहीत. सूनबाई तुझ्याइतकेच तास नोकरी करणार आहेत. त्यात ही सव्वातीन तासांची तफावत रोज घातली, तर वर्षभरात दोघांत जे साचतं त्याला आपण ‘तिचा स्वभाव चिडका’ असं नाव देतो.

‘मी मदत करतो’ हे वाक्य मात्र टाळ. मदतनीसाला कुणीतरी काम सांगावं लागतं, आणि सांगण्याचं काम तिच्याचकडे राहतं. भाजी चिरून दिलीस, पण कोणती भाजी, ती घरात आहे का, काल काय झालं होतं, हे तिनेच डोक्यात ठेवलं, तर तिचं ओझं फार हललं नाही. अख्खं काम घे. सकाळचा डबा घेतलास तर रविवारी आठवड्याच्या भाज्या ठरवण्यापासून रात्री डबे घासून पालथे घालण्यापर्यंत तो तुझा. सिलिंडर घेतलास तर नंबर लावणं, रिकामा बाहेर काढणं, आलेला वजन करून घेणं, रेग्युलेटरची नळी कधी बदलायची हे सगळं तुझं. दोन-तीन कामं अशी पूर्ण घे आणि तिच्या पद्धतीने झाली नाहीत तरी तिने त्यात हात घालू नये, हेही सुरुवातीलाच मोकळेपणाने ठरवा.

भाकरी शीक. पोळीपेक्षा मुद्दाम भाकरी म्हणतोय, कारण ती थापता आली की स्वयंपाकाची भीती जाते. कळण्याची आधी कर. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि मीठ असं दळलेलं पीठ सोबत आहे. नुसत्या ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ती नवख्याच्या हातात तुटते. उडदामुळे कळणा धरून राहतो.

एका भाकरीला दोन मुठी पीठ परातीत घे. पाणी चांगलं गरम हवं, बोट बुडवून ठेवता येणार नाही इतकं. आधी चमच्याने कालव, सोसवेल तसं मनगटाकडच्या तळव्याने रगड. पिठाला चिकटपणा येतो तो या गरम पाण्याने आणि रगडण्याने, इथे घाई केली की पुढे कडा फाटतातच. एका वेळी एकाच भाकरीचं मळ. तिन्हीचं एकदम मळून ठेवलंस तर तिसरी कोरडी पडून चिरते. परातीत कोरडं पीठ भुरभुरून बोटांनी थाप, मध्ये जाड राहू देऊ नकोस. तवा आधीच तापलेला पाहिजे. कोरड्या पिठाची बाजू वर येईल अशी टाक आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरव. आता फोन हातात घेऊ नकोस. वरचं पाणी सुकत आलं, पण ओलसर चमक अजून आहे, त्या क्षणी उलटायची. आधी उलटलीस तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर पाणी आटून वर भेगा पडतात आणि भेगांतून वाफ निसटली की ती फुगत नाही. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत भाजली की तवा सारून थेट आचेवर धर. पहिल्या दहा बिघडतील. बिघडलेल्या दुधात कुस्करून खा, टाकू नकोस.

वरण कुकरला लावताना डाळीच्या अडीच-तीन पट पाणी, हळद आणि तेलाचे चार थेंब. तेलाने फेस दबतो, शिट्टीत डाळ अडकत नाही. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावर. आंबटात डाळ शिजायला वेळ लावते.

हे सगळं करताना गावातून कुणीतरी म्हणणारच, ‘हाऊ ते बायकोना बैल’. ते ऐकून तुझ्या आईच्या तोंडूनही कधी एखादा शब्द निघेल, तिला दोष देऊ नकोस, तिने आयुष्यभर हेच ऐकलंय. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायच्या, आजारी पोराच्या उशाशी बसायचं, हे ते आईसारखं करत. याच माणसाने १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि ते खुलं झालं. हातात केरसुणी धरल्याने कणा वाकत नाही, याला खान्देशात वेगळा पुरावा लागू नये.

पैशाचं आता. कर्ता पुरुष म्हणून सगळं पोटात ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. लग्नाआधी एका पानावर लिहून सूनबाईंच्या हातात दे: हातात येणारा पगार, प्रत्येक हप्ता आणि त्याचे उरलेले महिने, क्रेडिट कार्डावरची बाकी, विमा, आणि गावाकडे महिन्याला पाठवतोस ती रक्कम. ही शेवटची ओळ लपवली की पहिल्या दिवाळीलाच भांडण होतं. लग्नासाठी पर्सनल लोन काढणार असशील तर थांब, मांडव लहान करू. कार्डाचं ‘मिनिमम’ भरून भागवत असशील तर लक्षात ठेव, उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. सावकारही इतकं मागायला कचरायचा. सगळे हप्ते मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेव. टर्म विमा घेताना फॉर्मवर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा पर्याय असतो, तो निवड. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, तुझ्या सावकारांना तिच्यावर बोट ठेवता येत नाही. पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भर.

आणि एक. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने हिस्सेदार आहे. वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तुझ्या ताईकडे हक्कसोडपत्राचा कागद घेऊन कुणी जायचं नाही. भाऊबीजेची साडी हा त्याचा मोबदला होत नाही.

मूल होईल तेव्हाचं आताच सांगतो. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी कंपनीवर तसं कायद्याचं बंधन नाही, कंपनी देईल ते खरं. म्हणून एचआरला आधी विचार आणि हक्काची रजा साठवून ठेव. माहेरी बाळंतपण म्हणून सव्वा महिना बापाने फक्त पेढे वाटायचे, हे मला बरोबर वाटत नाही. दूध पाजणं सोडून बाळाचं सगळं बापाला करता येतं: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री दोनला खांद्यावर घेऊन फिरणं.

आणि पुरेशी मुलं झाली की ऑपरेशन तू करून घे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी येता येतं. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही, आधाराला घट्ट लंगोट घालायचा. ताकद जाते हे खोटं आहे: फक्त वीर्यात शुक्राणू नेणारी नळी बंद होते, अंडकोशातलं संप्रेरक रक्तातून पहिल्यासारखंच जात राहतं. चूक होते ती पुढे. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. बरेच जण तपासणीला जातच नाहीत, दिवस राहतात आणि संशय बायकोवर जातो. एक तपासणी टाळल्याने संसार मोडू शकतो.

शेवटचं मनाचं आहे, आणि याचीच मला जास्त काळजी आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शंभरातले सुमारे ७२ पुरुष. पहिली दोन कारणं घरातले प्रश्न आणि आजारपण. पुरुषाचं नैराश्य रडण्यातून क्वचित दिसतं. चिडचिड, पहाटे तीनला जाग, डोकेदुखी, छातीत जडपणा, वाढलेली दारू, मित्रांचे फोन न उचलणं, असं ते बाहेर येतं, म्हणून घरातले त्याला ‘माजलाय’ म्हणतात. असं सलग दोन आठवडे राहिलं तर एवढंच वाक्य म्हण: ‘मला सध्या जड जातंय.’ कारण सांगता आलं नाही तरी चालेल. सूनबाईंना, ताईला, मला, जो जवळ असेल त्याला. रात्रीबेरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी गोळी दिली तर तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात; चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडायची नाही आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायची नाही. आणि सूनबाई तसं म्हणाल्या, तर लगेच उपाय सुचवू नकोस. शेजारी बस.

पीठ दोन किलो आहे. उडीद असल्याने फार दिवस ठेवलं तर कडवट होतं, तेव्हा वाटीभर बाहेर काढ आणि बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव. सोबत लसणाची चटणी आहे, ती पुसलेल्या कोरड्या चमच्यानेच काढ. पहिली भाकरी कशीही झाली तरी फोटो पाठव, कुठे चुकलं ते तुझी आई बघून सांगेल.

तुझे,
अण्णा