दुपटीचा हिशेब

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सांगलीत विश्रामबागेतील व्याख्यानात ऐकलेली तीन विधाने तुम्ही वहीत उतरवून घेतली आणि त्यांत कितपत तथ्य आहे, असे मला विचारले. 2045 साली यंत्राची बुद्धी माणसाच्या पुढे जाईल. त्यानंतर काय होईल ते आज कोणालाही सांगता येणार नाही. आणि म्हणून दादाच्या मुलाने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाऊ नये. पहिल्या विधानातील साल सोडले तर त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे, दुसरे मला मान्य आहे, आणि तिसरे या दोहोंतून निष्पन्न होतच नाही, हे तुमच्यासारख्या गणिताच्या शिक्षकाला मी सांगायला नको. फोनवर हे नीट मांडता आले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. आय. जे. गुड हे ब्रिटिश गणितज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर त्यांनी जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले होते. 1965 साली त्यांनी असा युक्तिवाद केला, की यंत्र घडवणे हे जर बुद्धीचेच काम असेल, तर माणसाहून बुद्धिमान यंत्र स्वतःहून सरस यंत्र घडवील, ते आणखी सरस घडवील, आणि मग माणसाला नवा शोध लावण्याची गरजच उरणार नाही. पुढे 1993 मध्ये व्हर्नर विंजी या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांनी, जे विज्ञानकथाही लिहीत, असे यंत्र घडवण्याची साधने तीस वर्षांच्या आत आपल्या हाती येतील असे म्हटले. ती मुदत 2023 मध्ये उलटून गेली. तुमच्या वहीतले 2045 हे साल अमेरिकन संशोधक-लेखक रे कर्झवाइल यांचे असून ते त्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दिले आहे. कर्झवाइल यांचा जन्म 1948 चा. अशी भाकिते करणाऱ्यांचे साल त्यांना स्वतःला जेमतेम पाहता येईल इतक्याच अंतरावर का येते, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

साल बाजूला ठेवा, पण वेग बाजूला ठेवता येत नाही. 1971 साली इंटेलने बाजारात आणलेल्या 4004 या चिपवर सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर, म्हणजे हिशेब करणारे सूक्ष्म स्विच, होते. इंटेलचेच एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी 1975 मध्ये असा अंदाज दिला होता, की चिपवरील ही संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होत जाईल. पन्नास वर्षांत पंचवीस वेळा दुप्पट, म्हणजे 2,300 ला 2 च्या 25 व्या घाताने गुणायचे. उत्तर सुमारे 7,700 कोटी येते. 2022 मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या एच100 या चिपवर 8,000 कोटी ट्रान्झिस्टर आहेत. हा हिशेब मी कागदावर करून पाहिला तेव्हा थक्क झाले, आणि खरे सांगायचे तर थोडी घाबरलेही.

मात्र ही दुप्पट आपोआप झालेली नाही. स्टॅनफर्ड आणि एमआयटी येथील अर्थशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीच दुप्पट साधण्यासाठी आज लागणाऱ्या संशोधकांची संख्या 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत अठरापटींहून अधिक आहे. वेग तोच राहिला, पण तो टिकवण्यासाठी माणसे वाढवत न्यावी लागली. आता हे संशोधकच यंत्ररूपाने हवे तितके मिळू लागले तर काय, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि सगळा वाद माझ्या मते इथेच अडतो.

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर असे, की यंत्र स्वतःच स्वतःला शिकवत भराभर पुढे जाते ते, चूक की बरोबर याचा निकाल जिथे तत्काळ लागतो, तिथे. गो या पटावरच्या खेळात आल्फागो झीरो या प्रोग्रॅमला माणसांचा एकही डाव दाखवलेला नव्हता. तो स्वतःशीच खेळत राहिला आणि तीन दिवसांत, 2016 साली ली सेडॉल या दिग्गजाला हरवणाऱ्या आधीच्या प्रोग्रॅमवर त्याने 100 विरुद्ध 0 अशी मात केली. परंतु अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीशिवाय निघत नाही. तिचे नवे वाण चांगले की वाईट हे ठरायला हंगामामागून हंगाम जावे लागतात, कारण पिकाला घाई करता येत नाही. औषधांचेही तसेच आहे. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या आल्फाफोल्डबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या प्रोग्रॅमने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज दिले. तरीही नवे औषध माणसांवर टप्प्याटप्प्याने तपासण्यात जी वर्षे जातात ती जातातच. सगळे एकदम बदलेल असे मला म्हणूनच वाटत नाही. काही क्षेत्रे चार-दोन वर्षांत ओळखू येणार नाहीत, काही जवळजवळ जागच्या जागी राहतील, आणि कायदा व आपल्या सवयी यांची मधल्यामध्ये ओढाताण होईल. मला भीती वाटते ती या ओढाताणीची.

शिवाय हे मोजायचे कशाने? कृष्णेला पाणी चढू लागले की आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे सांगलीतील लहान मुलालाही ठाऊक असते. यंत्राच्या बुद्धीसाठी अशी सर्वांना मान्य पट्टी अजून नाही. तज्ज्ञांचेही एकमत नाही. याच क्षेत्रातील जेफ्री हिंटन आणि यान लेकून यांना 2018 चा ट्युरिंग पुरस्कार, हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, योशुआ बेंजिओ यांच्यासह विभागून मिळाला, परंतु हिंटन यंत्रबुद्धीच्या धोक्याविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून 2023 मध्ये गूगलमधून बाहेर पडले, तर लेकून यांच्या मते आजची भाषा जुळवणारी यंत्रे माणसासारख्या बुद्धीपर्यंत पोहोचणारच नाहीत.

आता घरातले. माझ्या कामात प्रोग्रॅमचा पहिला खर्डा बहुधा यंत्रच लिहिते आणि तो तपासून जबाबदारी घेणे माझ्याकडे येते. हे तपासणे ज्याला येत नाही त्याचे अवघड आहे. दादाच्या मुलाला गणिताची आवड असेल तर त्याने खुशाल इंजिनिअरिंगला जावे, पण शाखेच्या नावापेक्षा गणित आणि संख्याशास्त्र पक्के करावे. केवळ कोडिंग शिकवणाऱ्या महागड्या क्लासवर पैसे घालू नयेत, हे दादाला तुम्हीच सांगा. माझे तो ऐकत नाही.

आई, साखरेचे रिपोर्ट तू फोनमधल्या त्या ॲपला विचारून पाहतेस, याला माझी हरकत नाही. त्याचे उत्तर बऱ्याचदा बरोबर असते, पण चुकते तेव्हाही ते तितक्याच ठामपणे बोलते. म्हणून गोळीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नकोस.

आणखी एक गोष्ट दोघांसाठी. कोणाचाही आवाज थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब काढता येतो, आणि माझ्या आवाजात कोणी अपघात झाल्याचे सांगून पैसे मागितले तर तुम्हाला तो फरक कळणार नाही, मलाही कळला नसता. आपल्या तिघांनाच उत्तर माहीत असलेला एक प्रश्न दिवाळीत घरी आल्यावर ठरवू. तो पत्रात लिहीत नाही. तोपर्यंत पैशांविषयी असा कोणताही फोन आला तर तो तिथेच बंद करून माझ्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करावा, मग मी मीटिंगमध्ये असले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली लेक