तुळापूरच्या व्हिडिओबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुळापूरचा व्हिडिओ आई आणि मी एकत्र पाहिला. भीमा, भामा, इंद्रायणीचा संगम तू सुंदर टिपला आहेस. संभाजीराजांच्या अखेरच्या दिवसांबद्दल बोलताना तुझा आवाज कुठेही भडक झाला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

वर्ष मात्र चुकलं. फाल्गुन वद्य अमावास्या, शके 1610 ही तिथी बरोबर सांगितलीस, मग 78 मिळवून 1688 म्हणालीस. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून तिथे 79 मिळवायचे: 11 मार्च 1689. तुला हे ठाऊक आहे. पण रात्री जागून स्वतःचंच लिहिलेलं तपासताना मनात असतं तेच डोळ्यांना दिसतं. आणि यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी, त्याच लिंकवर, दुरुस्त केलेला व्हिडिओ ठेवता येत नाही. फार तर तेवढा तुकडा कापता येतो.

तारखेपेक्षाही मला सुरुवात खटकली. गोष्ट सुरू होईपर्यंत कितीतरी वेळ नुसता रस्ताच दिसतो. भर उन्हात कष्टाने चित्रित केलेलं तुला कापवत नाही, हे मी समजू शकतो. ज्याने ते ऊन सोसलं नाही, त्याला ते सहज कापता येईल.

"माझ्या चॅनलवर माझ्या वर कुणी नको," असं तू गणपतीत म्हणालीस. अगं, 'मौज'चे संपादक श्री. पु. भागवत नामवंत लेखकांनाही सविस्तर पत्रं लिहीत, पुनर्लेखन सुचवीत. त्याने कुणाची कथा परकी झाली नाही. त्यांचं 'सत्यकथा' मासिक 1982 मध्ये बंद पडलं. तिथे लिहिणाऱ्याला असा चोखंदळ वाचक मासिकाकडूनच मिळे; तुला तो शोधावा लागेल. पण निवड तुझी, आणि सूचना मानायची की नाही हेही तूच ठरवणार.

वाड्यांवर व्हिडिओ करणारी तुझी मैत्रीण आहे ना, तिच्याशी बोल. तिची संहिता तू तपास, तुझी तिने तपासावी. चित्रीकरणाआधी संहिता आणि अपलोड करण्याआधी कच्चं संकलन, दोन्ही दाखव. मोडी कागद वापरणार असशील तर जाणकाराला गाठ, मानधन आधी ठरव आणि व्हिडिओखाली त्याचं नाव लिही.

सिंधुदुर्गाची संहिता झाली की मलाही पाठव. तारखा मी बघतो. तुझ्या वयाचा प्रेक्षक कुठे कंटाळेल, ते मात्र तिलाच विचार.

तुझे,
बाबा