घर सासऱ्यांच्या नावावर, धंदा माझ्या नावावर

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सादर नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. 11 वर्षं झाली, चकली, अनारसे, गोडा मसाला करून विकते. हाताखाली चार बायका आहेत. उद्यम नोंदणी आहे, खाद्यपदार्थांचा परवाना आहे. पीठ मळायच्या आणि पाकिटं सील करायच्या मशीनसाठी मी मुद्रा योजनेत 1 लाख 80 हजार मागितले होते. गेल्या सोमवारी बँकेतल्या साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘मिस्टर को भेज दीजिए. मकान किसके नाम है?’ एवढंच विचारलं.

मकान सासऱ्यांच्या नावावर आहे. मिस्टर दुसरीकडे नोकरी करतात, धंद्याची वही मी लिहिते. 8 एप्रिल 2015 ला ही योजना सुरू झाली, तीच मुळी विनातारण म्हणून. छोट्या उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 मध्येच बँकांना बजावलंय. मग माझ्याकडे घराचे कागद कशाला मागता? शेवटी म्हणाले, 50 हजार घेऊन जा. तेवढ्यात मशीन येत नाही. मी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या.

सोऱ्या फिरवून फिरवून माझ्या उजव्या मनगटावर गाठ आली आहे. दिवाळीच्या आधी पहाटे तीनला उठते, तेव्हा बोटं मिटत नाहीत, कोमट पाण्यात धरून बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, हाताला विश्रांती द्या. त्या चौघींचा पगार मग कुठून देऊ?

दिवाळीत एका दुकानदारानं 62 किलो चकली नेली. होळी झाली, पैसे नाहीत. 45 दिवसांत पैसे द्यावेत, हा कायदा 2006 चा आहे. पण तक्रार केली की पुढच्या वर्षीची ऑर्डर गेली, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. माझा किराणावाला मात्र आठ दिवसांच्या वर उधारी ठेवत नाही.

आणि बाईचा धंदा बसला की सगळे म्हणतात, तिला हिशेब जमत नाही, तिला प्रशिक्षण द्या. तीन प्रशिक्षणं केलीत मी! हिशेब चोख आहे. माझ्या नावावर भिंत नाही आणि माझे पैसे वेळेवर येत नाहीत, एवढंच कमी आहे. या शहरात विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठालाही त्यांचंच. त्याच शहरात 2 लाखांच्या आतल्या कर्जासाठी बाईला नवरा घेऊन यायला सांगतात. तुम्ही स्वतः बाई आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं.

कर्ज नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या, निदान एवढं तरी बँकांना सांगा. माझी फाइल अजून तिथेच पडली आहे.

एक उद्योजिका,
रामबाग, इंदूर