मालिकांतल्या विधवा आईला घरावरचा हक्कही द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्रीची जेवणे आटोपली की सासूबाई आणि मी मालिका पाहायला बसतो. आम्ही दोघीही विधवा असल्यामुळे पडद्यावर विधवा आई आली की आमचे विशेष लक्ष असते. २०१९ ते २०२१ या काळात ‘झी मराठी’वर लागणारी ‘अग्गंबाई सासूबाई’ आम्ही मनापासून पाहिली. सासरे आणि मुलगा यांचे करण्यातच सारे आयुष्य घालवलेल्या आसावरीच्या दुसऱ्या लग्नासाठी तिच्या सुनेनेच पुढाकार घ्यावा, ही गोष्ट निवेदिता सराफ आणि तेजश्री प्रधान यांनी इतक्या समजुतीने उभी केली की आमच्या घरात त्यावर कितीतरी दिवस बोलणे होत होते.

मात्र एकूण कौटुंबिक मालिकांत एक प्रसंग वारंवार येतो आणि तो मला फार खुपतो. मुलगा संतापून आईला ‘माझ्या घरातून चालती हो’ म्हणतो आणि ती डोळ्यांना पदर लावून पिशवी भरू लागते. ते घर तिच्या नवऱ्याचे असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला असेल, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांचा सारखा वाटा असतो, हे त्या कथेतल्या एकाही पात्राला ठाऊक नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या यजमानांचे तेरावे झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका नातलगांनी हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. पेनाचे टोपणही त्यांनी काढूनच दिले होते. मी सही केलीच असती, पण शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाल्या, “फोटोसमोरचा दिवा अजून तेवतोय, तोवर सह्या कसल्या घेता? हे घर हिचंही आहे आणि माझंही.” कायद्यानेही आम्हा दोघींचा त्यात वाटा होता, हे पुढे वकिलांकडून कळले.

हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही त्याविषयी परिपत्रक काढले. तरीही बांगड्या फोडण्याचे आणि कुंकू पुसण्याचे दृश्य मालिकांत संथ गतीने, पार्श्वसंगीतासह दाखवले जाते, याचे वाईट वाटते.

मालिका लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी विधवा आईच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात, तिचे लग्न लावायचे असेल तर तेही जरूर लावावे, पण एखाद्या भागात ती तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज भरतानाही दिसू द्यावी. तो भाग आम्ही दोघी पुन्हा लागला तरी पाहू.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा